कोठ्यातली अर्धी बाटली

आमच्या इकडे, म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-कारंजा भागात, कोणाच्याही कोठ्यात जाऊन भिंतीतल्या देवळीत काय ठेवलंय ते पाहा. दावं, विळा, गोचिडाचं औषध, आणि हमखास एक पिवळसर औषधाची अर्धी बाटली, बुचाला सुई टोचून टोचून भोकं पडलेली, लेबल शेणाच्या हातानं पुसट झालेलं. ऑक्सीटेट्रासायक्लिन, म्हणजे एक अँटिबायोटिक. नाव कोणी घेत नाही, सगळे "तापाचं इंजेक्शन" म्हणतात. गाय खात नाही, द्या तापाचं. वासराला हगवण लागली, द्या. बैल लंगडून राहिला, द्या. कास सुजली, तेच. आणि शेजाऱ्याच्या ढोराला लागलं तर साखरेच्या वाटीसारखी ती बाटली या घरातून त्या घरात जाते.

माझ्या घरी दोन जर्सी आहेत, एक गवळाऊ, म्हणजे आमच्याकडची देशी गाय, आणि सासऱ्यांच्या हौसेची एक म्हैस, दूध मी आणि सासूबाई काढतो. मी डॉक्टर नाही. पण गेल्या काही वर्षांत आमच्या गावात जे होऊन राहिलंय ते पाहून मी ढोरांच्या डॉक्टरांना विचारत गेले, वाचत गेले, आणि मला असं वाटते की या अर्ध्या बाटलीबद्दल कोणीतरी नीट, राग न करता लिहिलं पाहिजे. राग न करता यासाठी की या विषयावर जे काही वाचायला मिळते त्यात शेतकरी अडाणी आहे, अँटिबायोटिक कसंही वापरतो, त्याला जागृत करा, एवढंच असते. तो कसंही वापरत नाही हो. त्याच्याजवळ जे आहे, जेवढे पैसे आहेत आणि डॉक्टर जेवढा दूर आहे, त्या हिशोबानं तो वापरतो.

आधी डोसचं सांगते कारण खरी गोम तिथंच आहे. लाँग ॲक्टिंगवाली जी बाटली असते, एका मिलीत २०० मिलीग्रामची, तिचा हिशोब साधारण दर १० किलो वजनाला १ मिली असा असतो. आपली जर्सी ३०० किलोची धरा. झाले ३० मिली, आणि तेही एका जागी नाही, दोन-तीन जागी वाटून द्यावं लागते. गावात देतात किती? १० मिली. कारण सिरिंज १० ची असते, कारण बाटली पुरवायची असते, कारण मागच्या वेळी १० मध्येच गाय उठली होती. दुसऱ्या दिवशी गाय कुटार खायला लागली की काम संपलं, उरलेलं औषध परत देवळीत. उन्हाळ्यात पत्र्याच्या कोठ्यात काय तापमान होते ते आपल्याला माहीत आहे, विदर्भातलं ऊन आहे ते, त्यात ती बाटली पोळ्यापासून होळीपर्यंत आणि होळीपासून परत पोळ्यापर्यंत पडलेली असते.

आता १० मिलीनं काय होते? अंगात जे जंतू आहेत त्यातले कच्चे मरतात. जे थोडे चिवट आहेत ते वाचतात, आणि मंग कच्च्यांची जागा पण त्यांचीच होते, पिल्लावळ त्यांची वाढते. पुढच्या वेळी त्याच गाईला तेच औषध दिलं तर लागू कमी पडते. हे काही आजचं ज्ञान नाही. ज्यांनी पेनिसिलिन शोधलं त्या अलेक्झांडर फ्लेमिंगनी १९४५ मध्ये नोबेल घेतानाच्या भाषणात हेच बजावलं होतं, की औषध कमी मात्रेत दिलं तर जंतू मरायच्या ऐवजी त्या औषधाला सरावतात. पेनिसिलिन तेव्हा बाजारात नुकतं येत होतं, आणि शोधणारा माणूसच सांगून राहिला होता की सांभाळून. त्यात अजून एक आहे, हे जंतू आपली ही ताकद दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतात, जनुकाचा एक तुकडा एकातून दुसऱ्यात जातो. म्हणजे गाईच्या आतड्यातला साधा, काही त्रास न देणारा जंतू शिकला, तर तो रोग करणाऱ्याला शिकवू शकतो.

पण १० मिलीनं गाय उठते, याचं काय? हा प्रश्न मला शेजारच्या काकाजींनी विचारला होता आणि प्रश्न एकदम बरोबर आहे.

भादव्यात त्यांची गाय आखडली होती, अंग गरम, लाळ गळत होती, एक पाय टेकवत नव्हती, मंग बसलीच. तिवा होता तो. तीन दिवसांचा ताप म्हणतात तो. डास, चिलटं चावून पसरतो, विषाणूचा आजार आहे आणि बहुतेक ढोरं तिसऱ्या-चौथ्या दिवशी आपल्याआपणच उठतात. मी म्हटलं, "काकाजी, याले अँटिबायोटिक लागत नाई म्हणते डॉक्टर. ताप उतरवाचं औषध द्या, सावलीत ठेवा, पाणी पाजा, कूस बदलत राहा."

"मंग माही गाय उठली कशी? परवा इंजेक्शन देलं, आज उभी हाये. तू सांग नं सूनबाई."

काय सांगणार. तो माणूस डोळ्यानं पाहून बोलून राहिला होता. इंजेक्शन मंगळवारी दिलं, गाय गुरुवारी उठली, आणि नसतं दिलं तरी गुरुवारीच उठली असती हे सिद्ध करायला दुसरी गाय तशीच आजारी पडून बिनाइंजेक्शनची ठेवावी लागली असती, आणि ते कोण करेल आपल्या दुभत्या ढोरावर? या एका गोष्टीनं त्या बाटलीवरचा विश्वास जेवढा पक्का झाला आहे तेवढा कोणत्याही जाहिरातीनं झाला नसता. लाळ्या-खुरकूत तसंच, विषाणू. लम्पी तसंच. २०२२ मध्ये लम्पी आली तेव्हा आमच्या भागात घबराट किती होती ते आठवते, बाजार बंद, लोक जे मिळेल ते टोचून राहिले होते. आता लम्पीत गाठी फुटून जखमा होतात, त्यात दुसरे जंतू शिरतात, न्यूमोनिया होतो, तेव्हा डॉक्टर अँटिबायोटिक देतात आणि ते बरोबरच आहे. पण खुद्द लम्पीच्या विषाणूला त्यानं काहीही होत नाही. तो थांबवायला लसच लागते.

याच्या उलट घटसर्प घ्या. गळा सुजतो, श्वास घरघरतो, आणि ढोर काही तासांत जाऊ शकते. इथं जंतू आहे, अँटिबायोटिकच वाचवते, आणि तेही लवकर, पूर्ण डोसमध्ये दिलं तरच. फऱ्यातही तसंच, मांडीवर चरचर वाजणारी सूज आली की पेनिसिलिनचा मोठा डोस सुरुवातीलाच मिळाला तर काही आशा असते. म्हणून मी अँटिबायोटिकच्या विरोधात अजिबात नाही. मला भीती याची आहे की ज्या रात्री घटसर्प होईल त्या रात्री ते औषध चाललं पाहिजे, आणि आपण ते तिव्यावर, अपचनावर, लंगडण्यावर उधळून ठेवलेलं असेल.

सगळ्यात जास्त अँटिबायोटिक जाते ते मात्र दगडीवर. कासदाह. संकरित गाईत हा आजार पाचवीला पुजलेला. कास कडक होते, सडातून गाठी येतात, दूध फाटल्यासारखं नाहीतर पाण्यासारखं, कधी रक्त. आमच्या गल्लीत एका घरी चांगली जास्त दुधाची एचएफ, म्हणजे होल्स्टिन जातीची गाय होती, तिचा एक सड सुजला. पहिले देवळीतली बाटली झाली. मंग मेडिकलमधून सडात भरायची ट्यूब आणली, दोन भरल्या, सूज उतरली, थांबले. महिन्यानं परत. मंग दुसरी ट्यूब, मंग खासगी माणूस येऊन एन्रोफ्लोक्सासिन देऊन गेला, मंग जेंटामायसिन, मंग कोणी म्हटलं माणसाचं सेफ्ट्रिॲक्सोन लय पावरफुल असते, ते पण. प्रत्येक औषध दोन दिवस. एकाही औषधाचा कोर्स पूर्ण नाही. शेवटी दवाखान्यातले डॉक्टर आले तेव्हा त्यांनी पहिलं काम हे केलं की कोणतंही औषध न देता दुधाचा नमुना घेतला, सड स्पिरिटनं पुसून, पहिल्या धारा टाकून, निर्जंतुक बाटलीत, आणि तो बर्फात ठेवून नागपूरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात पाठवायला लावला. तिथं जंतू वाढवून त्याच्यावर वेगवेगळ्या औषधांच्या टिकल्या ठेवतात आणि कोणत्या टिकलीभोवती जंतू मरतो ते पाहतात. रिपोर्ट आला तो मी पाहिला आहे. जी जी औषधं दोन-दोन दिवस टोचली होती त्यातल्या बहुतेकांपुढे रेझिस्टंट लिहिलं होतं, म्हणजे या जंतूवर ते औषध चालत नाही.

डॉक्टरांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली ती पण लिहिते. दगडीत औषध लागू पडलं नाही की दर वेळी रेझिस्टन्सच असते असं नाही. काही जंतू कासेच्या आत अशा ठिकाणी दडून बसतात, आजूबाजूला कडक गाठ तयार होते, की औषध तिथं पोचतच नाही. या गाईत दोन्ही झालं होतं. तो सड गेला, आटवला. गाय पुढे तीन सडांवर राहिली आणि बाजारात तिची किंमत पडली ती पडलीच.

हा नमुना पहिल्याच सुजेला पाठवला असता तर? पण पाठवणार कोण आणि कसा, हे विचारायला पाहिजे. दवाखाना दूर, एका डॉक्टरकडे गावंच्या गावं, त्यात कधी लसीकरणाची मोहीम, कधी मीटिंग, कधी जागाच रिकामी. रात्री गाय कण्हत असली की माणूस त्यालाच फोन लावतो जो येतो. मंग तो शिकलेला असो की कुणाच्या हाताखाली राहून शिकलेला. तो येतो, इंजेक्शन देतो, पाचशेची नोट मोडते, आणि तो जाताना म्हणतो की उद्या परवा तुम्हीच टोचा, बाटली ठेवून जातो. झाली अर्धी बाटली तयार. मी त्या माणसालाही शिव्या देणार नाही, रात्री दोन वाजता तोच आलेला असतो.

आता दुधाकडे येते, कारण हे मला बाई म्हणून जास्त लागते.

अँटिबायोटिक दिलं की ते गाईच्या दुधात उतरते. किती दिवस दूध वापरायचं नाही हे औषधाच्या लेबलवर असायला पाहिजे, आणि लेबलवर नसेल तर आपल्या देशात २०१२ पासून औषधांच्या नियमात लिहिलेलं आहे की दुधासाठी कमीत कमी ७ दिवस, मांसासाठी २८ दिवस. हे आमच्या गावात किती जणींना माहीत आहे? डॉक्टर येतो तेव्हा बोलणं घरातल्या माणसाशी होते. "दूध देऊ नका बरं काही दिवस" असं तो म्हणाला असला तरी ते अंगणात राहते. सकाळी पाचला कास धुऊन बसणारी बाई वेगळी असते, तिला कोणी सांगितलेलं नसते. ती नेहमीसारखं सगळं दूध कॅनमध्ये ओतते. आमच्या दूध केंद्रावर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग, एवढंच लागते, बाकी काही तपासत नाहीत, त्यामुळे ते दूध पन्नास घरांच्या दुधात मिसळून जाते.

आणि समजा माहीत आहे. ८ लिटरची गाय, ७ दिवस, ५६ लिटर. लिटरला ३० रुपये धरले तरी १६८० रुपये. ढेपेचं पोतं उधारीवर आणलेलं, ती उधारी दुधाच्या पगारातून कटणार. "दूध फेकून देऊ का मंग? पोराची फी कोन भरन?" असं मला एका बाईनं विचारलं तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही.

घरात मात्र हे दूध आपली खूण देते. विरजण लागत नाही. दही लागते ते पण जंतूंमुळेच, चांगल्या जंतूंमुळे, आणि दुधात औषध असेल तर ते जंतू मरतात, सकाळी भांड्यात दूध तसंच पातळ. सासूबाई आधी म्हणायच्या दृष्ट लागली. थंडीनं पण दही लागत नाही, तेव्हा दर वेळी औषधच असेल असं नाही, पण इंजेक्शननंतर दही बिघडलं तर मी ते दूध लेकरांना देत नाही. उकळून औषध जाईल असंही समजू नका, बहुतेक अँटिबायोटिक आपल्या साध्या उकळीनं पूर्ण नष्ट होत नाही. ज्याला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे त्याच्यासाठी तर हे सरळ धोक्याचं आहे. आणि ते दूध वासराला पाजणंही बरोबर नाही, त्याच्या पोटात तोच सराव सुरू होतो.

घाबरवायला म्हणून लिहीत नाही, आकडे दोन्ही बाजूंचे सांगते. २०१८ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं देशभर दुधाचे ६४३२ नमुने तपासले होते, त्यात अँटिबायोटिक मर्यादेपेक्षा जास्त सापडलं ते ७७ नमुन्यांत. म्हणजे सगळं दूध विषारी झालं असं ओरडणारे मेसेज खोटे आहेत. पण सरावलेले जंतू फक्त दुधातून येत नाहीत. ते शेणात असतात, मुतात असतात, आपल्या हातावर असतात. उकिरड्यावरून वावरात जातात, पाण्यात जातात. आणि औषधं तीच आहेत हो, माणसाची आणि ढोराची वेगळी नाहीत. एन्रोफ्लोक्सासिन गाईच्या अंगात जाऊन त्याचं काही प्रमाणात सिप्रोफ्लोक्सासिन होते, जे आपल्याला लघवीच्या जळजळीला, जुलाबाला डॉक्टर देतात. कोलिस्टिन नावाचं औषध माणसाला आयसीयूमध्ये सगळं हरल्यावर देतात, ते कोंबड्यांच्या खाद्यात जात होतं, शेवटी २०१९ मध्ये सरकारनं खाण्याच्या जनावरांसाठी त्यावर बंदी आणली. त्याच २०१९ सालाचा जगभराचा अंदाज असा आहे की औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसं गेली. यातली किती ढोरांच्या औषधामुळे, असं बोट ठेवून सांगता येत नाही, माणसांच्या दवाखान्यातही अँटिबायोटिकची तीच उधळण आहे.

ढोराला दिलेलं औषध ढोरापाशी थांबत नाही हे आपण एकदा पाहिलेलं आहे, गिधाडांच्या बाबतीत. लहानपणी गावाबाहेर हाडक्यावर गिधाडं बसलेली असायची. डायक्लोफिनॅक हे सूज-दुखण्याचं औषध दिलेलं ढोर मेलं आणि ते गिधाडांनी खाल्लं की त्यांची किडनी जायची. २००६ मध्ये ढोरांसाठी डायक्लोफिनॅक बंद केलं. ते जमलं कारण त्याच्या जागी मेलोक्सिकॅम होतं, सूज-दुखण्यावर तेवढंच चालणारं आणि गिधाडांना न मारणारं. नुसती बंदी आणली असती आणि हातात दुसरं काही दिलं नसतं तर लोकांनी चोरून तेच वापरलं असतं. अँटिबायोटिकच्या जागी द्यायला असं एक औषध नाही. तिथं द्यायचं आहे ते वेळेवर येणारा डॉक्टर, लस, आणि कमी आजारी पडणारी कास.

कासेचं आपल्या हातात बरंच आहे आणि त्याला खर्च कमी आहे. दूध काढायच्या आधी कास धुवून कोरड्या फडक्यानं पुसणं, ओली ठेवणं नाही. अंगठा दुमडून सड ओढायची आपली जुनी सवय सोडून पूर्ण मुठीनं काढणं, अंगठ्यानं सडाला आतून इजा होते. दूध काढून झालं की सड आयोडीनच्या द्रावणात बुडवणं. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कोणी सांगितली, दूध काढल्यावर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असते, त्या वेळात गाय शेणात बसली तर जंतू सरळ आत, म्हणून हिरवा चारा तेव्हाच टाकायचा म्हणजे ती खात उभी राहते. आधी खाऊ घालून मंग दूध काढायची आमची पद्धत आम्ही उलटी केली. दगडी झालेली गाय सगळ्यात शेवटी काढायची, तिच्या धारा जमिनीवर सोडायच्या नाहीत. सीएमटी म्हणजे दगडी लवकर ओळखायची चाचणी, तिचं द्रावण मिळते, चार सडांचं दूध चार खळग्यांत घेऊन त्यात टाकलं की ज्या सडात आतून सुरुवात झाली आहे ते दूध चिकट घट्ट होते, कास सुजायच्या कितीतरी आधी कळते.

सुरुवातीच्या सुजेवर राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ एक लेप सांगते, कोरफड २५० ग्रॅम, हळद ५० ग्रॅम, चुना १५ ग्रॅम, वाटून पातळ करून दिवसातून बऱ्याच वेळा कासेवर लावायचा, पाच दिवस. आमच्याकडे सुरुवातीच्या सुजेला फरक पडला. पण गाईला ताप आहे, खाणं सोडलं आहे, कास निळसर थंड पडली आहे, तेव्हा लेपावर वेळ घालवू नका, डॉक्टरच. १९६२ नंबरवर फिरत्या दवाखान्यासाठी फोन लागतो. आणि पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याची लस, वर्षातून दोनदा लाळ्या-खुरकूतची, ती सरकार फुकट टोचते. "लस देली का दूध कमी होते" म्हणून ढोरं वावरात नेऊन लपवणारे आहेत, एक-दोन दिवस थोडं कमी होते खरं, पण लाळ्या-खुरकूत झाल्यावर महिनाभर काय हाती येते ते त्यांनीच आठवावं.

आता मला जे करायचं आहे ते. आमच्या बचत गटातल्या काही जणींनी ठरवलं की इंजेक्शन दिलेल्या गाईच्या मागच्या पायाला लाल चिंधी बांधायची आणि खांबावर खडूनं तारीख लिहायची, म्हणजे दूध कोणीही काढो, समजते. डॉक्टरला विचारायचं की कोणतं औषध, किती दिवस, दूध किती दिवस बंद, आणि हे बाईनं स्वतः समोर उभं राहून विचारायचं. उरलेली बाटली घरात ठेवायची नाही, डॉक्टरला परत. इथपर्यंत जमून राहिलं आहे, थोडं थोडं. अडलं आहे ते पैशावर. माझं म्हणणं असं आहे की दूध केंद्रानं दिवाळीच्या बोनसमधून लिटरमागे काही पैसे बाजूला काढावे आणि जी बाई खरं सांगून दूध घालणार नाही तिला त्यातून निदान अर्धी भरपाई द्यावी, नाहीतर खरं सांगणारीच मार खाते आणि लपवणारीला पूर्ण पगार. केंद्रवाले म्हणतात सगळेच रोज गाय आजारी सांगतील. म्हणून मी म्हटलं डॉक्टरची चिठ्ठी लावा, गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहा, वर्षातून किती वेळा ते ठरवा. पोळ्यानंतर बैठक ठेवली आहे. विदर्भात नाहीतर बाहेर कुठे दूध संस्थेत असा फंड चालत असेल, लहान का असेना, तर वर्गणी किती धरता आणि खोटे दावे कसे थांबवता ते मला लिहून पाठवा, बैठकीत समोर ठेवायला मला चालू असलेला एक हिशोब पाहिजे.